सांधेदुखीची गोळी आणि रोजचं चालणं: बडोदेकरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

रावपुऱ्यातल्या औषधाच्या दुकानात काउंटरमागे माझी उमेदीची वर्षं गेली. सांधेदुखीचं गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं असतं. काही जण महिन्याच्या दुखायच्या गोळ्या एकदम नेतात, रोज घेतात आणि तरीही खुर्चीतून उठत नाहीत. काही जण 'गोळीने किडनी जाते' म्हणून गोळीला हात लावत नाहीत आणि दुखतं म्हणून तेही बसूनच राहतात. वर्षभराने दोघांचेही गुडघे सारखेच आखडलेले असतात. दुखण्याची गोळी कशासाठी घ्यायची, हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

सांध्यातल्या गादीला, म्हणजे कूर्चेला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या वंगणातून तिला पोषण मिळतं आणि सांधा हलला, त्यावर भार पडून तो सुटला, की ते वंगण आत झिरपतं. मांडीच्या पुढचे स्नायू गुडघ्याला धरून ठेवतात; बसून राहिलं की ते काही आठवड्यांतच उतरायला लागतात. त्यामुळे ज्या गोळीमुळे तुम्ही चालू शकता, व्यायाम करू शकता, तिचा खरा फायदा त्या चालण्यात आहे. पुढचं सगळं याच हिशोबाने लिहिलं आहे. डोस ठरवणं मात्र तुमच्या डॉक्टरांचं काम, कारण तुमचं बीपी, साखर आणि किडनी त्यांना ठाऊक असते.

आधी दुखणं कोणतं ते कळू द्या

'सांधेदुखी' या एका नावाखाली निरनिराळे आजार येतात आणि त्यांची औषधंही निरनिराळी असतात. सगळ्यात जास्त आढळते ती झीज: पन्नाशीनंतर गुडघे, बोटांची टोकं, अंगठ्याचं मूळ, खुबा. सकाळी आखडलेपण असतं, पण अर्ध्या तासात सुटतं. दिवसभराच्या कामानंतर संध्याकाळी जास्त ठणकतं.

आमवाताचं उलट आहे. सकाळी तास-तासभर मूठ वळत नाही, हाताची लहान पेरं दोन्ही बाजूंना सारखीच सुजतात, थकवा येतो, आणि हळूहळू हललं की बरं वाटतं. हा वयाच्या तिशी-चाळिशीतही येतो, बायकांमध्ये अधिक. इथे नुसती दुखायची गोळी खात बसणं धोक्याचं आहे. आतून सांधा खराब होत राहतो आणि गोळीमुळे ते कळतही नाही. सहा आठवड्यांहून जास्त सूज राहिली तर संधिवाततज्ज्ञाकडे जायला उशीर करू नका.

पायाचा अंगठा रात्रीतून लाल होऊन चादरीचा स्पर्शही सोसवत नसेल तर गाउटची, म्हणजे रक्तात युरिक ॲसिड वाढून होणाऱ्या सांधेदुखीची, शंका घ्यावी. पावसाळ्यातल्या तापानंतर घोटे आणि मनगटं महिनोन्‌महिने दुखत राहिली तर चिकनगुनिया झाला होता का, ते आठवून डॉक्टरांना सांगा. आणखी एक: पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी एकदम सुरू झाली तर डेंगू नाही हे ठरेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल घ्या. डेंगूत प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, घटलेल्या असताना डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

घरातल्या सगळ्या गोळ्या एका वहीत उतरवा

ही पायरी लोक टाळतात, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. बीपीची गोळी एका डॉक्टरची, साखरेची दुसऱ्याची, गुडघ्याची हाडांच्या डॉक्टरची आणि सर्दीची आपणच आणलेली, असं असतं. सगळ्या स्ट्रिपा टेबलावर काढा. कंपनीने दिलेलं नाव बाजूला ठेवा, त्याखाली बारीक अक्षरात छापलेलं औषधाचं मूळ नाव वहीत लिहा. वाचता येत नसेल तर तुमच्या केमिस्टला लिहून द्यायला सांगा, तो देईल.

आता वहीत हे शोधा. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब ही एकाच कुटुंबातली औषधं आहेत. यातली दोन एकाच वेळी घेतल्याने आराम दुप्पट होत नाही, पोट आणि किडनीवरचा धोका मात्र वाढतो. ॲसिक्लोफेनॅक चालू असताना दुसरीकडून एटोरिकॉक्सिब लिहून आणलेलं मी कितीदा पाहिलं आहे.

दुसरं, बीपीची गोळी. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल यांपैकी एखादी, सोबत लघवी वाढवणारी गोळी, आणि वर दुखायची गोळी, असे तिन्ही एकत्र आले की किडनीवर अचानक ताण येतो. टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड पुष्कळदा एकाच गोळीत असतात, म्हणून तुम्हाला एकच गोळी दिसते. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो, घामाने अंगातलं पाणी जातं, तेव्हा हा धोका आणखी वाढतो. जुलाब-उलट्या झाल्या तर दुखायची गोळी त्या दिवसापासून थांबवा आणि बीपीच्या गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरांना फोन करून विचारा.

तिसरं, हृदयासाठीची छोटी ॲस्पिरिन. आयबुप्रोफेन तिच्या कामात अडथळा आणतं. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी काहीही चालू असेल तर दुकानातून आपल्या मनाने दुखायची गोळी घेऊच नका. हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्यांनी, स्टेंट बसवलेल्यांनी आणि अल्सर झालेल्यांनी तर अजिबात नको.

आणि त्या पुड्या. 'एकदम देशी, काही साइड इफेक्ट नाही' म्हणून कुणीतरी देतं आणि चार दिवसांत गुडघा बरा वाटतो. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असल्याचं वारंवार उघडकीला आलं आहे. चेहरा गोल होणं, साखर चढणं, हाडं ठिसूळ होणं हे त्याचे परिणाम. बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंदही करू नका. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, कारण स्टेरॉइड झटक्यात थांबवल्यानेही माणूस कोसळू शकतो.

औषधांची चढती पायरी

गुडघे आणि बोटांच्या झिजेसाठी पहिलं औषध म्हणजे डायक्लोफेनॅकचं जेल. लोक त्याला हलकं समजतात, कारण ते वाटाण्याएवढं लावतात. पूर्ण गुडघ्याला दोन ते चार ग्रॅम लागतं, दिवसातून तीन-चार वेळा, आणि निदान आठवडाभर सलग. 30 ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल तर तुम्ही कमी लावताय. रक्तात त्याचा अंश फार थोडा जातो, म्हणून वयस्कर माणसांसाठी ते गोळीपेक्षा पुष्कळ सुरक्षित आहे. जखमेवर लावू नये, लावून वर गरम शेक देऊ नये, हात धुवावेत. खुब्याला याचा उपयोग नाही, तो सांधा फार खोल असतो.

पॅरासिटामॉल झिजेच्या दुखण्यावर बेताचंच काम करतं, हे खरं आहे. तरी ज्यांना दुसरी गोळी चालत नाही त्यांना त्याचा आधार होतो. वयस्करांनी रोज घ्यायचं असेल तर दिवसाला 3 ग्रॅमच्या आत राहावं. 650 च्या चार गोळ्या म्हणजे 2600 मिलिग्रॅम झाले. वजन फार कमी असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर याहून कमी. सर्दीच्या गोळीत आणि ॲसिक्लोफेनॅकच्या जोडगोळीतही पॅरासिटामॉल असतं, तेही या बेरजेत धरा.

त्यानंतर डायक्लोफेनॅकच्या कुटुंबातली गोळी. लागेल तेवढा कमी डोस, लागतील तेवढेच दिवस. जेवल्यावर घेतली की पोट सुरक्षित, हा समज अर्धवट आहे. गोळी रक्तात गेल्यावर पोटाच्या अस्तराचं संरक्षण कमी करते, त्यामुळे जेवणाने जळजळ कमी वाटली तरी अल्सर व्हायचा तो होऊ शकतो. साठी उलटलेल्यांना डॉक्टर सोबत पोटातलं ॲसिड कमी करणारी पँटोप्राझोलसारखी गोळी देतात; ती सकाळी नाश्त्याआधी अर्धा तास घ्यायची. शेवउसळ खाऊन झाल्यावर घेतली तर तिचा नीट उपयोग होत नाही. दुखायची गोळी सुरू केल्यावर दोन आठवड्यांत बीपी मोजा, ते वाढू शकतं. महिन्याहून जास्त चालणार असेल तर क्रिएटिनिनची, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी, रक्ततपासणी करून घ्या.

याने भागत नसेल तर डॉक्टर ड्युलोक्सेटिन देतात; ते मुळात नैराश्याचं औषध असलं तरी जुनाट गुडघेदुखीतही उपयोगी पडतं. ट्रामाडॉल या जोरकस दुखायच्या गोळीने चक्कर येते, बद्धकोष्ठ होतो, म्हातारी माणसं पडतात. त्याची सवयही लागते. सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर काही आठवडे चांगला आराम मिळतो; मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस चढते, तेव्हा ती रोज तपासावी. ग्लुकोसामाइनवर, म्हणजे सांध्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पूरक गोळ्यांवर, मात्र महिन्याला खर्च करण्यासारखा पुरावा मला दिसलेला नाही. त्या पैशांत चांगले बूट येतील.

आमवाताची औषधं वेगळी. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. हे मी ठळक लिहितोय, कारण ते चुकून रोज घेतल्याने माणसं दगावतात. एक वार ठरवा, स्ट्रिपवर पेनाने तो वार लिहा आणि घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा. तोंडात फोड आले, ताप आला तर पुढची गोळी न घेता लगेच डॉक्टरांकडे जा. फॉलिक ॲसिड डॉक्टर सांगतील त्या दिवशी. रक्ताच्या आणि लिव्हरच्या तपासण्या चुकवू नका, आणि गरोदर राहण्याचा विचार असेल तर हे आधीच सांगा. याचा परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, म्हणून पंधरा दिवसांत 'फरक नाही' म्हणून सोडू नये.

गाउटमध्ये युरिक ॲसिड उतरवणारं ॲलोप्युरिनॉल सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत झटके उलट वाढू शकतात. डॉक्टर त्यासाठी जोडीला दुसरं औषध देतात. युरिक ॲसिड 6 च्या खाली येईपर्यंत आणि त्यानंतरही ते चालू ठेवायचं असतं. अंगावर पुरळ उठलं तर मात्र ताबडतोब बंद करून डॉक्टरांना दाखवा.

गोळीची वेळ हालचालीशी जोडा

बहुतेक जण गोळी रात्री झोपताना घेतात आणि सकाळी 'जमणार नाही' म्हणून फिरायला जात नाहीत. गोळीचा जोर चढायला साधारण तासभर लागतो. सकाळी साडेसहाला बाहेर पडायचं असेल तर पावणेसहाला जेल लावा. पॅरासिटामॉल चालत असेल तर तेही तेव्हाच घ्या. मोठी गोळी, म्हणजे डायक्लोफेनॅकच्या कुटुंबातली, रिकाम्या पोटी नको, म्हणून ती घेणाऱ्यांनी नाश्ता करून, व्यायाम घरात दहाच्या सुमारास करावा. आमवातवाल्यांनी पहाटेचा हट्ट सोडावा. गरम पाण्याने आंघोळ करून बोटं मोकळी झाल्यावरच व्यायाम करावा.

इथे एक मर्यादा पाळायची. गोळी घेतली आहे म्हणून नेहमीपेक्षा जास्त चालायचं नाही. दुखणं शून्य ते दहा असं मोजा. व्यायाम करताना पाचपर्यंत गेलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या दिवसाइतकंच असलं पाहिजे. वाढलं असेल, सूज दिसत असेल तर व्यायाम निम्मा करा, बंद करू नका. व्यायाम, दुखण्याचा आकडा आणि घेतलेली गोळी हे तिन्ही त्याच वहीत लिहा. सहा-आठ आठवड्यांनी व्यायाम तेवढाच आणि गोळ्या कमी असं दिसायला लागलं की डोस उतरवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

घरातले व्यायाम

आपल्या गावाला व्यायामाचं वेड जुनं आहे. दांडिया बाजारातलं जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि प्रोफेसर माणिकराव यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. तरी झिजलेल्या गुडघ्याने तिथल्यासारख्या पूर्ण बैठका काढू नयेत. त्याऐवजी हे करा.

1. पलंगावर पाय लांब करून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा.
2. उताणं झोपून एक पाय दुमडा, दुसरा सरळ ठेवून वीतभर उचला, पाच मोजा, हळू खाली आणा. दहा वेळा, दोन्ही पायांनी. पाठ दुखली तर हा सोडा.
3. खुर्चीतून हात न टेकता उभं राहा आणि हळूहळू बसा. खुर्ची खाली वाटली तर वर दुमडलेली सतरंजी ठेवा. आठ-दहा वेळा. सगळ्यांत मोलाचा हाच, कारण उठबस म्हणजे घरातलं निम्मं आयुष्य.
4. ओट्याला धरून टाचा उचला. चहाला उकळी येईपर्यंत होतो.

पहिले दोन रोज, तिसरा आणि चौथा एक दिवसाआड. सोपं वाटायला लागलं की संख्या वाढवा. पहिल्यांदा कुणीतरी समोर उभं राहून शिकवलेलं बरं. सयाजी रुग्णालयात, म्हणजे आपल्या एस. एस. जी. त, फिजिओथेरपीचा विभाग आहे. तिथे एकदा तरी जाऊन या.

बाहेरचं चालणं

1879 साली सयाजीराव महाराजांनी उभारलेली कमाटीबाग सांधेदुखीवाल्यांसाठी फार सोयीची आहे: सपाट वाटा, सावली, जागोजागी बाकं. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं जा आणि पाच मिनिटं परत या. जितकं पुढे जाल तितकंच परत यायचं असतं, हे उत्साहाच्या भरात विसरायला होतं. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. आठवड्याला 150 मिनिटांचं ध्येय ठेवा, पण तिथे पोचायला तीन-चार महिने लागले तरी काही बिघडत नाही. उन्हाळ्यात साडेसातच्या आत घरी. चपला नकोत, मागून बंद, जाड आणि मऊ तळव्याचे बूट घाला.

काठी लागत असेल तर लाज बाळगू नका. ती दुखऱ्या गुडघ्याच्या उलट बाजूच्या हातात धरायची, आणि उभं राहून हात सैल सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत तिची उंची यायला हवी. जुन्या वाड्यांचे जिने अंगावर येणारे असतात: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा, आणि एक हात कठड्याला.

ज्यांना चालणं अगदीच सोसत नाही त्यांनी पाण्याचा विचार करावा. कमरेइतक्या पाण्यात शरीराचं निम्मं वजन उतरतं. पोहता येत नसलं तरी तरणतलावाच्या उथळ बाजूला नुसतं चालायचं, मात्र सोबतीला कुणीतरी हवं.

वजनाबद्दल एवढंच: एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. संध्याकाळचं फरसाण आणि साखरेचे तीन चहा इथूनच सुरुवात करा.

मांडी घालून बसणं आणि उकिडवं बसणं कमी करावंच लागतं. पूजा चौरंगाऐवजी टेबलावर मांडा, संडासात कमोड आणि भिंतीला धरायला दांडी लावून घ्या. देवाला खुर्चीवर बसून केलेली पूजा चालते. मला याबद्दल अजिबात शंका नाही.

दुखणं उसळलं तर

एक-दोन दिवस चालणं निम्मं करा, व्यायामातले पहिले दोन तेवढे चालू ठेवा. सूज आणि गरमपणा असेल तर कपड्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं. नुसतं आखडलं असेल तर गरम शेक. डॉक्टरांनी सांगितलेली मोठी गोळी या दिवसांसाठी राखून ठेवलेली बरी. पाच-सात दिवसांत उतरलं नाही तर दाखवा.

नवरात्र

बडोद्यात राहून गरबा सोडा असं मी सांगणार नाही. दोन महिने आधीपासून खुर्चीचा व्यायाम करा. एक रात्र खेळा, एक रात्र बघा. संथ दोन टाळीत खेळा, वेग वाढला की बाहेर या. एक धोका मात्र दरवर्षी डोळ्यांसमोर असतो: नऊ दिवसांचा उपास, रात्रभर घाम, पाणी कमी, आणि 'आज खेळायचंय' म्हणून रिकाम्या पोटी घेतलेली जादा गोळी. पोट आणि किडनी दोन्हींवर एकदम घाव पडतो. उपास करत असाल तर त्या नऊ दिवसांत मोठी गोळी नको, जेल वापरा, पाणी आणि ताक पीत राहा. श्रावणातल्या उपासांना आणि एकादशीलाही हेच.

ताबडतोब थांबायची लक्षणं

काळी डांबरासारखी शी, रक्ताची उलटी, लघवी कमी होणं, पायावर-चेहऱ्यावर नवी सूज, डोळे पिवळे, छातीत दुखणं किंवा धाप: गोळी बंद आणि लगेच दवाखाना. एकच सांधा लाल, गरम आणि सोबत थंडी-ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा. सांध्यात जंतुसंसर्ग झाला असेल तर एक रात्रही महाग पडते. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर तिला मालीश करू नका, रक्ताची गाठ असू शकते.

ऑपरेशनचा विचार कधी

औषध, व्यायाम आणि वजन हे तिन्ही काही महिने मनापासून करूनही रात्री दुखण्याने जाग येत असेल, घरातल्या घरात चालणं अवघड होत असेल, तर गुडघा बदलण्याबद्दल हाडांच्या डॉक्टरांशी बोला. नुसता एक्स-रे वाईट दिसतो म्हणून घाई नको. तसाच एक्स-रे असणारी माणसं कमाटीबागेत रोज फिरतात. निर्णय झाला तरी मांडीचे व्यायाम त्या दिवसापर्यंत चालू ठेवा, कारण स्नायू सशक्त असले की ऑपरेशननंतर उभं राहणं लवकर जमतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना ती वही दाखवा, आणि रक्त पातळ करणारी, साखरेची, आमवाताची यांपैकी कोणती गोळी कधी थांबवायची आणि कोणती चालू ठेवायची, हे त्यांच्याकडून त्याच वहीत लिहून घ्या.